बोरा, बूर्या आणि तोतये

त्रिएस्ते, ११ जानेवारी १९६८

शब्दकोशाच्या कचेरीत आज माझी पहिली गुरुवारची बैठक झाली. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि आईला सांगायची सोय नाही. "मेलेल्या शब्दांच्या गोष्टी जेवताना नकोत," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं आहे. म्हणून ही वही.

कचेरी कॉफीच्या गोदामावर, तिसऱ्या मजल्यावर. खाली बिया भाजतात आणि वर आमच्या कोटांना, कागदांना, केसांना तोच वास. माणसं चारच. प्रमुख प्रोफेसर ओदोरिको फुर्लान, लॅटिन आणि ग्रीक त्यांच्याकडे. त्यांच्यासाठीच मी शाळेतली लॅटिनची नोकरी सोडली. दुसरा पिख्लर, क्लागेनफुर्टचा, जर्मन शब्दांचा माणूस, सदा काहीतरी चघळत असतो. तिसऱ्या मिलका श्टोकाबाई, स्लाव्ह भाषांच्या. पन्नाशीच्या आहेत, वरच्या डोंगरातल्या एका खेड्यातून ट्रामनं येतात. माझ्याशी आजवर तीन वाक्यं बोलल्या, त्यातली दोन खिडकी लावण्याबद्दल. आणि चौथी मी.

काम असं, की युरोपभरचे सारखे दिसणारे शब्द घ्यायचे आणि त्यांची कुळं तपासायची. प्रत्येक जोडीची एक चिठ्ठी होते आणि ती तीनपैकी एका खोक्यात पडते. एकावर लिहिलंय 'भाऊबंद', दुसऱ्यावर 'तोतये', तिसऱ्यावर 'ठाऊक नाही'. तोतयांचं खोकं सगळ्यात भरलेलं. जवळ असणं या अर्थाचा लॅटिनचा 'हाबेरे' आणि जर्मनांचा 'हाबेन' घ्या. जुळे वाटतात आणि नातं शून्य! 'हाबेन'चा खरा भाऊ लॅटिनचा 'कापेरे', म्हणजे पकडणं, ज्याच्याकडे रस्त्यात कुणी वळूनही पाहणार नाही. शाळेत सात वर्षं मी मुलींना पहिले दोघं सख्खे म्हणून शिकवलं. आता त्या मुलींना कुठे गाठू?

पण मला लिहायचं होतं ते बैठकीबद्दल. इथं दोन रिवाज आहेत. एक, मत देताना सगळ्यात लहान माणसानं आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांचं दडपण येत नाही. मान्य असेल तर 'राहू दे' म्हणायचं. दुसरा रिवाज ऐकून मी गारच पडले. नव्या नोंदीनं ज्याचं जुनं मत खोडलं जातं, त्यानंच ती नोंद उभं राहून मोठ्यानं वाचायची. आज पाळी पिख्लरची होती. उकडलेल्या डुकराच्या मांसावर आपण झणझणीत मुळी किसून घालतो ना, क्रेन, तो शब्द जर्मनांनी आपल्याला दिला असं त्यानं मागे छापलं होतं. श्टोकाबाईंनी दाखवून दिलं की जर्मनांनी तो स्लाव्हांकडूनच उचललाय. पिख्लरनं नाटकात काम केल्यासारखं वाचलं आणि डोळे पुसले. "रडत नाही, मुळी तिखट आहे," म्हणाला.

मी प्रोफेसरांना विचारलं, हा रिवाज कुणाचा? "माझाच," ते म्हणाले. "युद्धानंतर कचेरी उघडली तेव्हाचा. आपली चूक आपल्या तोंडून ऐकली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही." पंच्याहत्तरीचा माणूस, इतकं नाव, आणि ही सरळ नजर. मी योग्य ठिकाणी आले आहे.

१८ जानेवारी

आनंदाच्या भरात भराभर लिहितेय, अक्षर वाईट येईल.

हवा आणि समुद्र यांचा खंड ईस्टरआधी छापखान्यात जायचाय. एकच शब्द उरलाय. प्रोफेसरांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि म्हणाले, "बोरा."

बोरा म्हणजे आमचा वारा, डोंगरावरून समुद्राकडे धावणारा. या गावात दुसऱ्या कुठल्या शब्दाला एवढा मान नाही. पिख्लरचं चघळणं थांबलं. "निवेस, हा तू कर," प्रोफेसर म्हणाले.

वीस वर्षं हा शब्द त्यांनी कुणाला दिला नव्हता. आणि का जपून ठेवला असेल? योग्य हात मिळेपर्यंत, दुसरं काय! मी लाजून मान खाली घातली. श्टोकाबाई मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या, चेहरा दगडासारखा. मत्सर माणसाला किती पटकन म्हातारं करतो.

२४ जानेवारी

तीन दिवस बोरा सुटलाय. कोपऱ्याकोपऱ्यावर धरायला दोर बांधलेत. आईची टोपी कालव्यात गेली.

आज प्रोफेसरांचं १९२७ सालचं व्याख्यान वाचलं, छापील पुस्तिका आहे. ज्या व्याख्यानावर त्यांना विद्यापीठात जागा मिळाली ते हेच. काय भाषा आहे! बोरा हा ग्रीकांचा बोरेआस, उत्तरेचा वारा, लॅटिनच्या वाटेनं आपल्या इटालियनमध्ये आला. आणि डोंगरातले स्लोवेन लोक याच वाऱ्याला 'बूर्या' म्हणतात, तोही आपलाच बोरेआस, धनगरांच्या तोंडी घासून बदललेला. शेवटचं पान तर टाळ्या वाजवाव्यात असं. वाऱ्याला हाक मारायलासुद्धा त्यांना आपल्याकडून शब्द घ्यावा लागला, असं तिथं म्हटलंय.

आईला तेवढं पान वाचून दाखवलं. ती पहिल्यांदाच माझ्या कामावर खूश झाली. "खरंय. युद्धानंतर पिरानो गावातलं आपलं घर गेलं, अंजिराची झाडं गेली, सगळं त्या स्लाव्हांच्या हद्दीत. वारा तरी आपला राहू दे." मग म्हणाली, "आणि त्या श्टोकाबाईपासून जपून हो." मी म्हटलं, जपतेच आहे.

३० जानेवारी

श्टोकाबाईंनी हद्द केली. सकाळी माझ्या टेबलावर रशियन कोश, त्यात कागदाची पट्टी. मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. जेवून आले तर रशियन परत हजर, सोबतीला पोलिश आणि चेक.

"बाई, तुमची पुस्तकं इथं राहिली," मी शक्य तितकं गोड बोलले.

"राहिली नाहीत. ठेवली आहेत."

"मला लॅटिन-ग्रीकचं काम आहे."

"तुम्हाला वाऱ्याचं काम आहे," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठ्यांमध्ये डोकं घातलं. एवढी ताठ बाई मी पाहिली नाही. माझ्यावर पाळत ठेवतात. मी पट्ट्या काढून टाकल्या आणि पुस्तकं टेबलाखाली सरकवली.

६ फेब्रुवारी

शेवटी पुस्तकं उघडली. रागानंच उघडली, त्यांना तोंडावर सांगता यावं म्हणून की यात काही नाही.

आहे. सगळं आहे. रशियन लोक वादळाला 'बूर्या' म्हणतात. पोलिश म्हणतात 'बुझा', चेक 'बोउर्झे'. प्रत्येक भाषेनं शब्दाला आपापल्या सवयीनं वळवलंय, जसं घरच्या जुन्या शब्दाला वळवतात. उसना शब्द असा वळत नाही. आणि ज्यांनी आपला समुद्र कधी पाहिला नाही, त्यांच्याकडे आपल्या खलाशांचा शब्द पोचणार तरी कसा? म्हणजे स्लाव्ह मंडळी या डोंगरावर आली ती बूर्या सोबत घेऊन आली. बोरेआस आला समुद्राकडून. दोन दिशांनी दोन शब्द चढले, एकाच वाऱ्याला भेटले, आणि शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसू लागले. सख्खे नाहीत, चुलत नाहीत, कुणी नाहीत!

मी उठून फेऱ्या मारल्या. शब्द हजारो वर्षं चालतात आणि पावलं पुसत नाहीत, फक्त वाकून बघावं लागतं. या कामाइतकं सुंदर काम जगात नसेल. तेवढ्यात पुढचं लक्षात आलं आणि मी परत खुर्चीत बसले. प्रोफेसर चुकले आहेत. ज्या पुस्तिकेवर त्यांचं नाव उभं आहे तीच चूक आहे. आणि रिवाजाप्रमाणे ते या वयात, सगळ्यांसमोर, माझी नोंद उभं राहून वाचणार.

९ फेब्रुवारी

पिख्लरला खाली खाणावळीत गाठलं आणि आडून विचारलं, ती पुस्तिका तेव्हा खूप गाजली होती का?

"गाजली? शाळाशाळांत वाटली. पेपरात मथळे, त्यांचा वारासुद्धा आपला म्हणून. त्याच काळात दुकानांवरच्या स्लोवेन पाट्या उतरत होत्या, माणसांची आडनावं जबरदस्तीनं इटालियन केली जात होती. श्टोकांचं स्टोक्का केलं होतं. फासिस्ट सरकारला असं पुस्तक हवंच होतं."

"पण प्रोफेसरांना हे रशियन-पोलिश शब्द ठाऊक नसणार."

पिख्लरनं माझ्याकडे नीट पाहिलं. "निवेसबाई, तो माणूस संस्कृत वाचतो. पोलिश कोश त्याच्या हाताला कधी लागलाच नसेल?"

"मग स्वतःच का नाही दुरुस्त केलं?"

"ते मला नका विचारू. मी मुळीचा माणूस." आणि त्यानं आणखी एक सॉसेज मागवलं.

पिख्लर चांगला आहे, पण माणसं ओळखणं त्याला जमत नाही. प्रोफेसरांना ठाऊक असतं तर ते गप्प बसले असते का? बिचाऱ्यांना कल्पनाच नाही. त्यांना जपायला हवं.

१५ फेब्रुवारी

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'बोरा आणि बूर्या, संबंध अनिश्चित, पुरावा अपुरा', आणि बैठकीत ती 'ठाऊक नाही'च्या खोक्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल.

त्यांनी वाचली. "अपुरा म्हणजे किती? कोश कुठले पाहिलेस?"

श्टोकाबाई मान वर न करता म्हणाल्या, "रशियन, पोलिश, चेक. मी दिले होते."

प्रोफेसर माझ्यावर कधी रागावले नव्हते. आजही आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "ते खोकं न कळलेल्यासाठी आहे, निवेस. सांगायला जीव धजत नाही त्यासाठी नाही. पिख्लर वीस वर्षं तसं करतो ते मी चालवून घेतलं. तुझ्याकडून नाही चालणार."

पिख्लर लालबुंद.

चिठ्ठी त्यांनी परत माझ्या हातात दिली. "नीट लिहून आण. पुढच्या गुरुवारी वाचन मी करतो."

घरी येताना कळेना. नोंद त्यांचं मत खोडणार, हे मी कुठे सांगितलं होतं? श्टोकाबाईंनीच चुगली केली असणार. पण मग बैठक संपल्यावर दोघं बराच वेळ खोलीत गप्प बसून होते, ते कशाला?

२२ फेब्रुवारी

वाचलं त्यांनी.

कोटाची बटणं लावून उभे राहिले. नोंद मी जमेल तितकी मऊ लिहिली होती, त्यांच्या पुस्तिकेचा उल्लेख शेवटी, बारीक अक्षरात. तो त्यांनी पहिल्यांदा वाचला. 'ओदोरिको फुर्लान यांचं १९२७ चं मत चूक आहे.' 'चूक' मी लिहिलं नव्हतं, 'आता टिकत नाही' असं होतं. मग सगळं, रशियन, पोलिश, चेक. बोरा आणि बूर्या, तोतये.

शेवटी माझ्याच नोंदीतली एक गंमत होती. ग्रीकांचा बोरेआस मुळात कुठला? काही अभ्यासक म्हणतात तो डोंगराच्या जुन्या शब्दातून निघाला, डोंगरावरून येणारा म्हणून. त्याच शब्दाचा स्लोवेन वंशज 'गोरा', संस्कृतातला 'गिरी'. तसं असेल तर बोरेआसचा शेजारी बूर्या त्याचा कुणी नाही, आणि ज्याच्याशी तोंडावळा जुळत नाही ती गोरा त्याची नातलग. पुरावा पुरेसा नाही, म्हणून हे खऱ्या अर्थानं 'ठाऊक नाही'मध्ये. इथं त्यांचा आवाज उजळला. स्वतःची चूक वाचतानाही या माणसाला नव्या शब्दाचा आनंद होतो. मला रडू येत होतं, तरी मी सगळ्यात लहान म्हणून आधी म्हणावं लागलं, "राहू दे."

"राहू दे," पिख्लर.

श्टोकाबाई म्हणाल्या, "एक उणीव आहे. हे पहिल्यांदा कुणी मांडलं त्याचं नाव नाही."

"मी स्वतः शोधलंय," मी म्हटलं.

"तुमच्याआधी. त्याच व्याख्यानात. आंद्रेय श्टोका, आमच्या रेपेनचे शाळामास्तर. उभं राहून विचारलं, हा तुमचा वारा रशियाला कुठल्या बोटीनं गेला?"

"मी हसलो होतो," प्रोफेसर म्हणाले.

"तुम्ही हसलात, मग सगळे हसले. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, कालाब्रियाला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रश्नामुळं नाही. त्या काळात आमच्या सगळ्याच मास्तरांना पांगवलं. पण वडील समजतात प्रश्नामुळं."

"आहेत ते?"

"आहेत. चौऱ्याऐंशीचे. मी इथं लागल्यापासून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

"घाबरत होतो," प्रोफेसर म्हणाले.

मला वाटलं आता बाई काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी टाक उचलला, नोंदीखाली वडिलांचं नाव लिहिलं, शाई वाळू दिली. "राहू दे," म्हणाल्या.

वीस वर्षं या बाई त्या टेबलाशी बसून होत्या, सगळं ठाऊक असून. शब्द मागून का घेतला नाही, मला समजत नाही. आणि त्यांना सोडून प्रोफेसरांनी तो मला का दिला, हे तर त्याहून नाही. मी तर लायक म्हणून दिला असं धरून चालले होते.

३ मार्च, रविवार

आज रेपेनला गेलो, प्रोफेसर, श्टोकाबाई आणि मी. मला का नेलं ते विचारलं तर प्रोफेसर म्हणाले, नोंद तुझी आहे. ट्राममध्ये बाई मला म्हणाल्या, "तुला गार लागतंय का गं?" अहोजाहो गेलं होतं. मी नाही म्हटलं, लागत होतं तरी.

दगडी घर, स्वयंपाकघरात चूल पेटलेली. मास्तर गुडघ्यांवर घोंगडी घेऊन खुर्चीत. डोळे अजून शाळेतल्यासारखे, कुणाच्याही खिशात लपवलेला दगड ओळखतील असे. टेबलावर हॅम होता, लाल वाइन होती, पण सुरी अजून लावलेली नव्हती.

"मास्तर," प्रोफेसरांनी सुरुवात केली, "मी इतक्या वर्षांनी—"

"ओळखलं. कागद आणलाय ना? वाचा."

प्रोफेसर खुर्ची ओढू लागले.

"उभ्यानं," मास्तर म्हणाले. "मी उभाच होतो. तुम्ही हसलात, पान उलटलंत आणि पुढं निघालात. मला बसा म्हणायचं राहूनच गेलं. मग मीही नाही बसलो. संपेपर्यंत तिथंच, सगळ्यांच्या मधे."

माझं डोकं फिरलं. पंच्याहत्तरीच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं उभं करतात? मी काही बोलणार, तर बाईंनी माझं कोपर धरलं, चांगलं घट्ट.

प्रोफेसरांनी टोपी काढली. चुलीसमोर उभं राहून वाचलं, स्वतःच्या नावापासून, 'चूक आहे' पासून. गुरुवारसारखा आवाज नव्हता, मधे दोनदा थांबावं लागलं. आंद्रेय श्टोका हे नाव आलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले. रशियन, पोलिश, चेक, सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. मग बोरेआस आणि गोरा आले.

"थांबा. तुमच्या ग्रीकांचा वारा आमच्या डोंगराचा नातलग?"

"कदाचित," प्रोफेसर म्हणाले.

"तसं लिहिलंय? कदाचित?"

"लिहिलंय."

"वाचा तेवढंच परत."

प्रोफेसरांनी ती ओळ परत वाचली.

मास्तरांनी गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली. "खरं सांगू? मलाही त्या दिवशी पक्कं ठाऊक नव्हतं. रशियाचा शब्द कुठंतरी वाचलेला, तेवढंच. नुसतं विचारायचं होतं. तुमच्या त्या व्याख्यानात एकदाही कदाचित नव्हतं, फुर्लान. एकदा जरी म्हणाला असतात, तर मी बसून ऐकलं असतं."

"नव्हतं," प्रोफेसर म्हणाले.

त्यांची किती व्याख्यानं मी ऐकली आहेत, भरलेल्या सभागृहांत. पण त्या चुलीपाशी, हातात टोपी घेऊन उभा असलेला हा म्हातारा मला जितका मोठा वाटला तितका कधीच वाटला नव्हता.

मास्तरांनी पायानं शेजारची खुर्ची पुढं ढकलली.

"बसा आता," ते म्हणाले. प्रोफेसर बसले, आणि बाईंनी हॅमला सुरी लावली.